कामातली साडी

वास येतोय? येणारच की वैनी, कामातली साडी हाय ती, अत्तर शिपडून ठेवलेली न्हाय. पडद्याच्या आत डाव्या बाजूला खुंटी हाय बगा, तुमची साडी तिथं अडकवा— सिल्काची हाय, खाली टाकू नका, फरशीवर सिमेंट सांडलेला असतोय. न्हाय न्हाय, धुवत न्हाय आम्ही ती. धुतली तर ऱ्हायलं काय? सव्वा वर्स झालं माझ्याकडं येऊन, एकदा बी पाण्यात घातली न्हाय. त्या डागांवरच तर सगळं चालतंय. नेसा, सावकाश नेसा, गडबड न्हाय— करंट गेलाय, आल्याबिगर माझं लाईट लागत न्हाईत आन् लाईटाबिगर मागची भिंत दिसत न्हाय. भिंत दिसली पायजे. सगळ्यात आधी साहेब भिंतच बघतोय.

आलासा? बसा त्या स्टुलावर. अगं बाई, मंगळसूत्र आत घाला की! एवढं मोठं मंगळसूत्र घालून कोण विटा उचलतंय? आन् ही नखं! वैनी, निदान आजच्या दिवस तरी— ऱ्हाऊ दे, मूठ झाकून घेऊ. हात हिकडं करा. घाबरू नका, सिमेंट हाय, डब्यात ठेवलेला असतोय, दोन थेंब पाणी घालायचं आन् बोटास्नी चोळायचं, मनगटापातूर. राख लावून बघितली, पावडर लावून बघितली, कशाचंच काय खरं न्हाय, फोटोत लगीच खोटं दिसतंय. माझ्या धंद्यात खोटं चालत न्हाय. तुमच्या मालकांचा फोन आलता सकाळी, वखारीतनंच— 'नागेंद्र, आमच्या हिला पाठवतो, तेवढा लेबर कार्डाचा फोटो काढून दे.' आवाज बारीक करून. मी म्हटलं, द्या की पाठवून. तंबाखूच्या दोन वखारी, दारात गाडी, आन् बायकू बांधकाम कामगार— पर ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? हिथं येणाऱ्या सगळ्यांचाच आवाज बारीक असतोय.

तुमास्नी गंमत सांगतो. आधी नुसता पासपोर्ट फोटो चालायचा. मग खोटी कार्डं लई झाली म्हणून कुठल्याशा साहेबानं टूम काढली— अर्जासंगं कामावरचा फोटो पायजे. डोक्यावर घमेलं न्हायतर हातात थापी, मागं बांधकाम. म्हंजे माणूस खरा कामगार. झालं! साहेबानं चोरासाठी कुलूप घातलं आन् किल्ली आणून माझ्या हातात दिली. ही भिंत बघितलासा? सगळ्या दुकानाला गिलावा हाय, हीच तेवढी उघड्या विटांची का? मुद्दाम ठेवलीया. हेल्मेट माझं, थापी माझी, घमेलं माझं. पर ह्या सगळ्यात राणी म्हंजे तुमच्या अंगावरची साडी. हेल्मेट बघून साहेबाला शंका येती, साडी बघितली की येत न्हाय. आजपातूर ह्या साडीतला एक फोटो परत आला न्हाय.

परवा सराफाची सून आलती. डोक्याला काय घालायला तयार न्हाय, केस बसतील म्हणं. बसतील तर बसू देत की, तू स्लॅबवर निघालीस, लग्नाला न्हाय! बेळगावातनं, खासबागेतनं एक गडी आलता, चार माग हाईत, चारी बोटात अंगठ्या. त्येनं थापी उलटी धरली. उलटी! म्हटलं, दाजी, ह्येनं गिलावा करत्यात, भात वाढत न्हाईत. आन् एक मास्तर, खानापुराकडचा, पोरांस्नी नागरिकशास्त्र शिकवतोय— त्यो मला म्हणतोय, जरा गोरा काढ. लेबर कार्डाच्या फोटोत गोरा! शिसारी येती वैनी, खरं सांगतो. एकाला लाज न्हाय. सरकारनं कुणाच्या ताटात वाढलं, आपण कुणाचं ताट वढतोय, काय बघायचं न्हाय. पोरांची स्कॉलरशिप घ्यायची, पोरीच्या लग्नाची मदत घ्यायची, आन् वर ढेकर देत म्हणायचं, सगळेच घेत्यात. तुमी बी आत आल्या आल्या तेच म्हटलासा. म्हटलासा न्हाय? सगळेच घेत्यात, मग आमीच का सोडायचं? राग मानू नका. मी तोंडावर बोलतो म्हणून लोकं माझ्याकडं येत्यात. न्हाय— म्हणून येत न्हाईत. फोटो पास हुतोय म्हणून येत्यात.

आमच्या घरात? हाय की. मी कुठं म्हटलं मी धुतल्या तांदळासारखा हाय? ह्या साडीतला पयला फोटो आमच्या मंडळींचाच निघाला, ह्याच स्टुलावर. पोरगं इंजिनिरिंगला हाय, त्याची स्कॉलरशिप त्या कार्डावर येती. आयत्या बिळावर नागोबा म्हणत्यात— माझं तर नावच नागेंद्र हाय! हसा, हसा, हसायला काय हुतंय. पर आमचं एकच कार्ड हाय. काही काही घरात चार चार हाईत. एक आन् चार ह्यात फरक हाय का न्हाय? ... न्हाय, तुमी बोलू नका, मीच बोलतो. न्हाय फरक. मला ठावं हाय.

कुणाची साडी? आता ते कशाला पायजे तुमास्नी? पंखा बी न्हाय, बसून तरी काय करणार, ऐका. सोनुबाईची हाय. तुमी बघितलं असणार तिला, वळखत नसणार. शामू मेस्त्रीच्या गँगमधली, बारीक अंगाची, डोक्यावर भरलेलं घमेलं आन् मान अशी ताठ की थेंब सांडायचा न्हाय. हे आमचं वरचं सगळं बांधकाम तिच्या डोक्यावरनं वर गेलंय. नवरा धर्मराज, पायानं अधू झाल्यापासनं घरातच, आन् एक पोरगी, उपासना, नर्सिंगला घातलेली. घर म्हंजे ते घमेलंच. तिनं ठरवलं, कार्ड काढायचं, पोरीच्या शिक्षणाला हातभार हुईल. गेल्या साली जयंती झाल्यावर दुपारच्या सुट्टीत आली. अंगावर ही साडी, हातात पिशवी. पडद्याआड गेली आन् भाईर आली ती पांढरीशुभ्र साडी नेसून, निळा काठ, जयंतीला नेसायची ती. तोंड धुतलेलं, केसाला तेल. म्हटलं, 'सोनुबाई, कार्डाला कामावरचा फोटो लागतोय.' तर म्हणती कशी, 'आण्णा, काम तर रोजच करतो, त्येचा कसला फोटो? फोटो म्हंजे चांगलं नेसून काढायचा.'

आता ह्यात तिचं काय चुकलं सांगा. आमची आई बी फोटो म्हटला की पेटीतलं लुगडं काढायची. आपल्या हिकडं कुणाला बी इचारा, शेणामातीच्या कापडात फोटोला कोण बसतंय? आन् मला बी वाटलं— हिला काय गरज घमेल्याची? सगळ्या गल्लीनं हिला घमेल्याखाली बघितलंय. खऱ्याला कसला पुरावा? म्हटलं बस. हनुवटी जरा वर. आन् काढला. वैनी, तीस वर्सं फोटो काढतोय, लग्नं, बारशी, मयती, तसला फोटो परत न्हाय निघाला माझ्या हातनं. अशी बघत हुती समोर— जसं काय तिला कुणाचं काय देणंघेणंच न्हाय.

जाताना म्हटली, 'आण्णा, कामातलं हिथंच ऱ्हाऊ दे, असंच बँकेत जाऊन येतो, उद्या नेतो.' बँकेत बी चांगलं नेसून जावं वाटलं असंल. सांजच्याला आमच्या मंडळींनी अर्जाचं काढलं. कामावरचा फोटो पायजे, मग नेसायचं काय? समोर पिशवी. झालं, एवढंच झालं. फोटो असा आला, असा आला— डाग, फाटका काठ, खांद्यावर ठिगळ, आमची मंडळी जलमात कधी वीट न उचललेली, पर साडीनं सगळं निभावून नेलं. सोनुबाई दुसऱ्या दिवशी आली तवा मी म्हटलं, ही जुनी मला दे, तुला आमच्या हिची नायलॉनची देतो, नवीच हाय. खूश झाली की! चोरली न्हाय मी. बदलून घेतली. कशाला पायजे ते तिनं इचारलं न्हाय, आन् मी सांगितलं न्हाय.

भादव्यात तिचा कागद आला. कन्नडातला, म्हणून वाचून घ्यायला माझ्याकडंच आणला. काय लिवलं हुतं? फोटोवरून अर्जदार बांधकाम कामगार असल्याचं दिसून येत न्हाय, म्हणून अर्ज नाकारलाय. मी वाचलं, परत वाचलं. ती हसत हुती वैनी! म्हटली, 'आण्णा, तुमी लईच चांगला काढलासा फोटो.' आन् आमच्या मंडळींचं कार्ड? त्याच महिन्यात आलं. टपालानं, घरपोच.

मग म्हटली, आता घमेलं घेऊनच काढा एक. कामावरनंच आलती, अंगावर ती नायलॉनची, तिनं कामाला लावली हुती ती. मी तिच्याकडं बघितलं आन् काय म्हटलं ठावं हाय? म्हटलं, 'ह्या साडीत तू लेबर वाटत न्हाईस सोनुबाई. परत नाकारतील.' तिला! पंधरा वर्सं डोक्यावर घमेलं घेऊन टाळू बसलेल्या बाईला मी म्हटलं, तू लेबर वाटत न्हाईस. 'ती जुनीच पायजे,' म्हटलं. तर म्हणती, 'ती तर तुमच्याकडंच हाय की आण्णा.' हुतीच. पडद्याआड हुती. एका प्लॉटवाल्याची बायकू नेसत हुती आत, त्याच वक्ताला. पडद्याखालनं काठ दिसत हुता. सोनुबाईनं बघितला. एकदा काठाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. आता हिला आधी घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? पाच मिनटांचं काम. प्लॉटवाली थांबली असती. मी म्हटलं, रविवार करून ये, निवांत काढू. 'बरं' म्हटली. आन् शनवारी परांचीवरनं पडली.

दुसऱ्या मजल्यावरनं. दवाखान्यापातूर बी पोचली न्हाय. शामू मेस्त्रीनं हात झटकलं— त्या दिवशी ती माझ्याकडं कामालाच नव्हती, म्हटला. मग कशाला चढली हुती बाबा, हवा खायाला? कुणी बोललं न्हाय. कार्ड न्हाय, म्हंजे कामगार न्हाय. कामगार न्हाय, म्हंजे वारसाला मदत न्हाय. एवढं सोपं. धर्मराज आलता चार दिवसांनी, म्हटला, त्यो पांढऱ्या साडीतला फोटो मोठा करून द्या. दिला, फ्रेम घालून. पैसं घेतलं न्हाईत, ते बी सांगतो तुमास्नी. आता त्यांच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली लावलाय, हार घालून. आफिसात नापास झालेला फोटो. उपासना शेवटच्या वर्साला हाय, आन् आता कॉलेज सोडती म्हणं. साडीच्या दुकानात उभी ऱ्हाणार, शेजारच्यानं लावून दिलंय.

तुमी खांदा कशाला झटकतासा? ठिगळ हाय त्ये. टोचतंय? उपासनाच्या शाळंच्या स्कर्टाचं कापड हाय, निळं. घमेलं खांद्यावर उतरवून उतरवून फाटलं तिथं, पोरीनं लावून दिलंय हातानं. दोन वेळा टिपा घातल्यात बगा, पोरगी नीटनेटकी हाय. हात लावू नका, असू दे. मी पयल्यांदा काढून टाकणार हुतो, मग बघितलं, फोटोत लई चांगलं दिसतंय.

आज सकाळी धर्मराज परत आलता. तुमी बसलाय त्याच स्टुलावर बसला. उद्या अकराला बेळगावात सुनावणी हाय त्याची. अर्ज चुकीनं नाकारला म्हणून उपासनानं लिवून दिलतं, कुणीतरी भला साहेब निघाला, म्हटला, बाई कामाला हुती ह्येचा एक पुरावा आणा, एकच, पर उद्याच आणा, परत तारीख न्हाय. मेस्त्री लिवून देत न्हाय. गँगमधल्या बायका बोलत न्हाईत, त्यांस्नी उद्या परत कामाला जायचंय. मग धर्मराजला आठवलं— आमचा वरचा स्लॅब टाकला तवा मी नारळ फोडताना फोटो काढलते, सगळ्या गँगचं. 'त्यात सोनी असंल की आण्णा, घमेलं घेतलेली?' असंल कशाला, हाय! ह्या कंप्युटरात हाय. मधोमध उभी हाय, घमेलं भरलेलं, मान ताठ, मागं शामू मेस्त्री तोंडात बिडी धरून. एवढा एक फोटो साहेबाच्या टेबलावर गेला तर पोरीचं कॉलेज सुटत न्हाय. मग का दिला न्हाय? तुमी बी काय इचारतासा वैनी. त्यात अंगावर कुठली साडी हाय तिच्या? ही. ठिगळासकट ही! साहेबानं त्यो फोटो बघितला आन् उद्या सहज कपाटातला गठ्ठा उघडला, तर काय दिसंल त्याला? पन्नास-साठ बायका, एकीचं तोंड दुसरीला मिळत न्हाय, आन् सगळ्यांच्या खांद्यावर एकच निळं ठिगळ. त्यात आमची मंडळी. आन् आज करंट असता तर तुमी बी.

म्हणून म्हटलं, कंप्युटर फॉरमॅट मारला धर्मराज, जुनं काय ऱ्हायलं न्हाय. असं, तोंड वर करून म्हटलं. त्यो म्हटला, 'बरं.' दोघा नवराबायकूला तेवढाच शब्द येतोय बगा. चहा मागवलेला, तसाच ठेवला. उठला, आन् नजर गेली खुंटीवर. पडदा बाजूलाच हुता. लंगडत गेला, साडी खांद्यापाशी धरली, आन् ठिगळावरनं अंगठा फिरवत उभा ऱ्हायला. कितीतरी येळ. मला वाटलं, आता हा आयमाय उद्धारणार. उद्धारली असती तर बरं झालं असतं. म्हटला, 'आण्णा, ही आमच्यात नेऊ का? तिचं कामातलं काय ऱ्हायलं न्हाय घरात.' आन् मी— मी म्हटलं, 'स्टुडिओचं सामान हाय त्ये.'

असं म्हटलं. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणत्यात, मला वाटायचं नुसती म्हण हाय. आन् का म्हटलं, ते बी सांगतो. गिऱ्हाईक यायचं हुतं. तुमी यायच्या हुतासा, वैनी. तुमच्या मालकांचा फोन येऊन गेलता.

हां— आला करंट. बसा, नीट बसा. हे लाईट डोळ्यावर येत्यात, येऊ देत. घमेलं उचला, रिकामंच हाय. डोक्यावर धरा. मान तशी न्हाय, मान ताठ, ताठ म्हंजे अशी— खाली न्हाय बघायचं, ती खाली बघायची न्हाय. समोर बघा. हां. पदर जरा मागं, ठिगळ दिसू दे— तसंच. हलू नका. तसंच...

न्हाय. ठेवा. ठेवा ते घमेलं खाली. कॅमेऱ्याला काय झालं न्हाय, कॅमेरा चांगला हाय. पडद्याआड जावा आन् साडी काढून द्या. काढून द्या म्हटलं न्हवं का! मालकांस्नी काय सांगायचं? सांगा कंप्युटर बिघडला, सकाळी एकाला सांगून बघितलंय, पटतंय लोकास्नी. ... झालं? द्या हिकडं. घडी घालू नका, तशीच द्या. मी कुठं निघालो ते तुमी इचारू नका. साडी देऊन येणार हाय, तेवढं ठरलंय. फोटोचं अजून ठरलं न्हाय, पिंटर तर चालू करतो. तुमी निघा, दुकान बंद हाय. आन् वैनी, थांबा— जाताना मागं नळावर हात धुवून जावा. सिमेंट हाय, खरा. तासभर ऱ्हायला की कातडं खातोय.